मरळींचं माहेर आणि माझं एक वाक्य

प्रिय मंदा,

तुला पत्र लिहितोय, कारण मला लेख लिहायला सांगितलाय आणि तो लिहिता येत नाही. तुझ्या नावाची स्मृती समिती झाली आहे. हसू नकोस! तिला एक अध्यक्ष आहेत, दोन उपाध्यक्ष आहेत, आणि तू हयात असताना यातल्या एकानेही तुझा फोन पहिल्या फटक्यात उचलला नव्हता. समिती स्मरणिका काढते आहे. मला विषय दिलाय, ‘मंदाकिनीबाईंची कारकीर्द आणि समाजपरिवर्तन’. तीन दुपारी बसलो. पहिल्याच वाक्यात पाच समास झाले, क्रियापद काही येईना. कागद फाडला.

दुसरं कारण जास्त खरं. तुझा शेवटचा सिनेमा गावात दाखवून मी परवा आलो. आरमोरीपर्यंत एसटीत उभा होतो, गुडघे अजून बोलताहेत. तिथे जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. आणि तुला सांगायला तू आहेस कुठे? चार महिने झाले तुला जाऊन. मला अजून रविवारी अकरा वाजले की फोनकडे बघायची खोड आहे.

आपली ओळख कशी झाली, हे स्मरणिकेत येणार नाही, म्हणून इथे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तू ‘शूटिंगवाली’ म्हणून आली होतीस. एसटी कंडक्टरची मुलगी, खांद्यावर भाड्याचा कॅमेरा, पायात पुरुषी चपला. मंगलाष्टकं मी म्हणत होतो. वडिलांनी लहानपणापासून घोटून घेतलेला आवाज, तो दाखवायची मला तेवढी एकच जागा होती. आठ दिवसांनी कॅसेट आली आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. नवरी दोनदा दिसत होती, नवरदेव एकदा, तोही पाठमोरा. बाकी सगळं मागचं अंगण. भांडी घासणाऱ्या बाया, भाताच्या डेगीत उलथनं फिरवणारा आचारी, आणि त्यावर माझा आवाज, ‘कुर्यात् सदा मंगलम्’. काकांनी तुझे उरलेले पैसे देणार नाही म्हणून सांगितलं. मी मात्र ती कॅसेट तीनदा पाहिली. त्या बायांच्या हाताला माझा मंत्र इतका शोभेल, हे मला कुठे ठाऊक होतं?

तुला सांगायला आलो, तर तू म्हणालीस, “काऊन रे पंडित, बोलून राह्यला का मंत्र म्हणून राह्यला? सरळ बोल ना बापा.” तेव्हापासून मी पंडित. आणि तेव्हापासून तुझ्या प्रत्येक सिनेमाचं निवेदन माझं. लिहायचं मी, बोलायचंही मीच. चेहरा मात्र कुठेच नाही. ही सोय मला फार आवडत असे.

खरं सांगू? तुझी काम करायची पद्धत मला शेवटपर्यंत पटली नाही. तीन-तीन दिवस कॅमेरा पिशवीबाहेर काढायचाच नाही. बायांबरोबर चिखलात उतरून धानाची रोवणी करायची, सुकटीतले खडे निवडायचे, कुणाच्या तरी म्हशीला शिंग लागलं त्याची चौकशी करायची. सलीमभाई, तुझा कॅमेरामन, झाडाखाली बिड्या ओढत बसायचा. मी शाळेतून रजा घेऊन आलेला, चिडायचो. “मंदा, दिवस चाललेत!” म्हणायचो. तू म्हणायचीस, “जाऊ दे. मले पाहू दे, त्याइले बी मले पाहू दे.”

आता समाजपरिवर्तन. समितीला ते हवंय, तर शोधू या.

नदीपलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलींवर तू सिनेमा केलास. डोंग्यातून जाणाऱ्या, दप्तर डोक्यावर. चार वर्षांनी तिथे पूल झाला. उद्घाटनाला तुला बोलावलं नाही, ते एक सोड. पुलावरून आधी ट्रक गेले, मग पुढाऱ्यांच्या गाड्या, आणि एसटी अगदी शेवटी. पण आली. मुली आता खिडकीशी भांडत जातात. मास्तर नसलेल्या शाळेवर सिनेमा केलास, तर मास्तर आला. दोन महिन्यांत बदली करून घेऊन गेला. त्याच्यावर पण सिनेमा कर म्हटलं, तर तू म्हणालीस, त्याची बायको बाळंत होती रे, जाऊ दे.

एकदा गडचिरोलीच्या बसस्थानकावर, समोश्याचा कागद चुरगाळत, मी तुला विचारलं होतं, “मंदा, आपण हे करतो त्यानं खरंच काही बदलतं का गं?” तू बराच वेळ बसच्या पाट्या वाचत होतीस. मग म्हणालीस, “मले नाई माहीत. मी दाखोते. बदलनं त्यायचं काम. पन बिघडलं का नाई, ते आपल्याले पाहाच लागते.”

बिघडलं का ते पाहावं लागतं. तू हे कशावरून म्हणत होतीस, ते मला माहीत होतं. त्यातला माझा वाटा तुला माहीत नव्हता. असं मी समजत होतो.

तलावाचा सिनेमा. बावीस वर्षं झाली. समितीच्या पत्रकात त्याचं नाव सर्वांत वर आहे, ‘एका तलावाला वाचवणारा चित्रपट’. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा पत्ता लिहून झालाय, तेवढं पुरे.

तुला आठवतंय, मासे धरणाऱ्या ढीवरांची तीस-पस्तीस घरं, आणि त्यांचा तो जुना तलाव, भोवती मातीच्या बांधाची पाळ. त्यांचा एक रिवाज होता, त्यावरच तू भाळलीस. तलावाच्या एका कोपऱ्यात आषाढापासून पोळ्यापर्यंत कुणी जाळं टाकायचं नाही. तिथे मरळी, ते काळे लांब मासे, पिलं घालतात. त्या कोपऱ्याला ते ‘माहेर’ म्हणत. दरवर्षी ढीवरांच्या घरात आलेली सर्वांत नवी सून पळसाच्या पानावर मूठभर भात घेऊन जायची आणि त्या कोपऱ्यात पाण्यावर ठेवून यायची. माहेरपणाला आलेल्या मरळीला माहेर सुटलेल्या सुनेने जेवू घालायचं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मला तर वाटलं, आपल्या सगळ्या शास्त्रांत एवढं शहाणपण नाही.

त्या वर्षीची नवी सून होती सगुणा. एकोणीस वर्षांची. म्हाताऱ्यांनी ती जागा दाखवायला नकार दिला होता. मग तू सगुणाला विचारलंस. ती पाण्यात कमरेइतकी उभी राहिली, पान सोडलं, आणि हसून कॅमेऱ्याकडे बघत हात केला, “इथी. हे माहेर.” त्या हाताला बांगड्या नव्या होत्या. पाण्यात मरळीची लाल पिलं कुंकू सांडल्यासारखी फिरत होती. सलीमभाईने आयुष्यात घेतलेलं सर्वांत सुंदर चित्र ते. त्याला आजही तेच वाटतं.

पण मंदा, त्या चित्रात होतं काय? एक मुलगी, पाणी, एक हात. तो कोपरा कुठला, कुणाला कळणार होतं? तलाव दीडशे एकरांचा.

ते कळलं माझ्या वाक्यातून.

मी ते वाक्य रात्र न् दिवस घासूनपुसून केलं होतं. अजून पाठ आहे. ‘उत्तरेच्या पाळीला, तीन येनवृक्षांच्या शीतल छायेत, जेव्हा सारा गाव रोवणीत गुंतलेला असतो आणि तलावाकाठी चिटपाखरूही नसते, तेव्हा मत्स्यमाता निर्भयपणे आपला संसार मांडते.’ तू ध्वनिमुद्रणाच्या वेळी म्हणाली होतीस, “लय लंबं झालं रे.” मी म्हणालो, लय आहे म्हणूनच लांब आहे. दिशा दिली, खूण दिली, आणि गाव केव्हा रिकामं असतं ते पण सांगून टाकलं. चोराला याहून जास्त काय लागतं?

सिनेमा टीव्हीवर रविवारी दुपारी लागला. बक्षीस मिळालं. कुणा अधिकाऱ्याने तो पाहिला, आणि तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला जाणार होता तो थांबला, मच्छीमार सोसायटीकडेच राहिला. तलाव वाचला, हे खरं आहे. समिती खोटं बोलत नाही.

पुढच्या रोवणीत, सारा गाव शेतात असताना, बाहेरचे लोक जीप घेऊन आले आणि दोन दुपारी बारीक जाळी टाकून माहेर खरवडून गेले. पोटातल्या अंड्यांसकट. हेही खरं आहे. मरळी पुन्हा दिसायला सात वर्षं लागली.

गावाने तो सिनेमा टीव्हीवर पाहिला नव्हता. त्या दुपारी लाईन नव्हती. तू घाईने तो घेऊन गेलीस तेव्हा जीप येऊन गेलेली होती. धानाच्या गोदामात पडदा लावला, तर आवाजाचा डबा बंद पडला. तू पडद्याशेजारी उभी राहून तोंडाने सांगत राहिलीस. म्हणजे गावाला काय दिसलं? सगुणा दिसली. हात करताना, हसताना. माझं वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नाही.

तेव्हापासून ती ‘शिनेमावाली’. तिला कुणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. ते लोक तसे नाहीत. फक्त पोळ्यानंतर जाळी पाण्यात पडायची वेळ आली, की सगुणाच्या घरचं जाळं सर्वांत शेवटी. आणि नव्या सुनेचा भात बंद. जागा दाखवून झाल्यावर तिथे जेवू कुणाला घालायचं?

तू त्या दिवशी गोदामातून बाहेर आलीस आणि नियम केलास. यापुढे सिनेमा आधी ज्याचा आहे त्या गावात. भर दुपारी, बाया मोकळ्या असतात तेव्हा, गोदामात, खिडक्यांना पोती लावून. आणि शेवटी विचारायचं, कुणाला काही काढायचं आहे का? कुणी काढ म्हटलं की काढायचं. केवढे वाद घातले मी! एका आजोबाने फाटकी बनियान दिसते म्हणून अख्खा प्रसंग कापायला लावला. एक बाई म्हणाली, “माही म्हैस दाखोली, शेजारनीची बी दाखोली, मले काऊन नाई दाखोलं वो बाई?” तर तू दुसऱ्या दिवशी परत जाऊन तिला घेतलंस, म्हशीसकट. परदेशातल्या एका महोत्सवाची मुदत त्यापायी गेली. मी बोललो, तू बोलली नाहीस.

मला मात्र वेगळा नियम. पुढच्या सिनेमाचा कागद हातात ठेवताना म्हणालीस, “पंडित, आता वाक्य सात शब्दांच्या वर गेलं नाई पायजे.” मला वाटलं, शैलीवर टीका आहे. आठ दिवस रुसलो होतो.

पण मी खरंच फक्त रुसलो होतो का? आता लपवून काय करू. त्याच वर्षी, गावाच्या फाट्यावर बापूराव चहावाल्याने मला सांगितलं होतं, जीपवाले त्याच्याकडे थांबले होते. तीन येनाची झाडं कुठी हायेत, म्हणून विचारत होते. मी कप अर्धा ठेवला आणि उठलो. आरमोरीत येऊन दहावीला विभक्ती शिकवल्या. कुणाला बोललो नाही. सगुणाला नाही, सोसायटीच्या नामदेवभाऊंना नाही, तुलाही नाही. उद्या सांगू, पुढच्या सुट्टीत सांगू. सुट्ट्या बावीस वर्षं येत होत्या.

मग तू गेल्या वर्षी परत त्याच तलावावर सिनेमा करायला निघालीस. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलेला. पाळीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचीस, डोक्याला सत्काराची शाल गुंडाळून. तुझ्या सगळ्या शाली अशाच संपल्या, निम्म्या कॅमेऱ्याला आणि निम्म्या पोत्यांच्या फटींना. सगुणाने तुझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक्केचाळीस वर्षांची बाई, पाठ करून जाळं विणत बसली. तू तिची पाठच घेतलीस. आणि शेवटी खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढून म्हणालीस, “म्हातारे नाई म्हणत होते. मी या पोरीले इचारलं. ते लहान होती. चूक तिची नाई, माझी.”

तुझी कारकीर्द काय, असं समितीने विचारलं तर मी ते एक मिनिट दाखवीन. पण ते मिनिट अर्धंच खरं आहे, आणि ते तुला माहीत होतं!

कसं कळलं, सांगतो. तू गेल्यावर सलीमभाईने मला दोन डब्या आणून दिल्या. एकीत सिनेमा, दुसरीत उरलेलं. उरलेलं पाहत बसलो होतो, तर त्यात बापूराव निघाला. केस पांढरे, चहा तोच. “जीपवाले आले होते जी. तीन येनाचे झाडं इचारत होते. टीवीवर आयकलं म्हने.” आणि मग तुझा आवाज, “सलीम, बंद कर.” त्याने कॅमेरा खाली केला, पण बंद करायला विसरला. तुझी चप्पल दिसते आणि माती. तू म्हणतेस, “हे घेऊ नोको. पंडिताले मालूम पडलं तं तो लिहाचं सोडून देईन.”

सात शब्दांचा नियम कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं. मंदा, तू कोण गं माझी चूक आपल्या नावावर मांडून घेणारी? कुणी सांगितलं होतं? तुला वाटत होतं, मला माहीत नाही. मला वाटत होतं, तुला माहीत नाही. आपण दोघं शहाणे बावीस वर्षं एकमेकांना जपत बसलो, आणि तिकडे दर पोळ्याला सगुणाचं जाळं शेवटी पडत राहिलं.

समितीने नागपुरात सभागृह ठरवलं होतं. पाहुणे, दिवा, सगळं. सिनेमा आधी तिथे, मग ‘ग्रामीण भागात’. मी म्हटलं, मंदाचा नियम आहे. अध्यक्ष म्हणाले, “नियम बाईंचा होता, बाई आता नाहीत.” म्हटलं बरं, आणि डबी पिशवीत घालून एसटीत बसलो. सलीमभाई पडदा घेऊन वडशाहून आला. हे धैर्य वगैरे समजू नकोस. मला खूप कंटाळा आला होता. स्वतःचाच.

गोदामात शंभरेक माणूस. खिडक्यांना पोती. नामदेवभाऊ पुढे, हातात काठी आली आहे आता. सगुणा आत आली नाही, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. तू पडद्यावर दिसलीस तेव्हा बाया रडल्या. मग पडद्यावर जाळं ओढणारा एक म्हातारा आला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “अबे, पांडुरंगाची बनियान अजून तेच आहे!” आणि सगळे हसले. तुला आवडलं असतं. तुझं ते मिनिट आलं, तेव्हा मी सगुणाकडे बघत होतो. ती पडद्याकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत होती. एकेकाच्या तोंडाकडे.

संपल्यावर नामदेवभाऊंनीच विचारलं, “कोनाले काई काढाचं आहे का जी?”

मी उभा राहिलो. सांगितलं. वाक्य म्हणून दाखवलं, अख्खं. बापूरावाकडचा अर्धा चहाही सांगितला. मत्स्यमातेपाशी आलो तेव्हा एक पोरगी फिसकन हसली. तिच्या आजीने तिला चापट दिली.

नामदेवभाऊ म्हणाले, “पन गुरुजी, आमी तं ते आयकलंच नाई.”

“नाही ऐकलंत. मी सांगायला हवं होतं.”

“बावीस वर्सं?”

“हो.”

कुणीतरी एक पोतं काढलं, उजेड आत आला. सगुणा दारातून पहिल्यांदा बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“गुरुजी, माही सासू मरेपर्यंत माह्याशी नीट बोलली नाई. तुमी दर वर्सी बाईसंग इथी येत होते. माह्या घरचा चहा बी पेले. तवा काऊन नाई सांगतलं?”

मी म्हणालो, “भीती वाटली.”

“कोनाची?”

ते मला अजून सांगता येत नाही, मंदा. गावाची नाही. तुझीही नसावी. माझं लिहिणं थांबेल, याची असेल. तू बरोबर ओळखलं होतंस.

नामदेवभाऊ तिच्याकडे वळले. हा माणूस सोसायटीच्या सभेत कलेक्टरपुढे अडखळत नाही, पण इथे शब्द शोधत होता. “सगुणाबाई, आमचं चुकलं. यंदा तुह्या घरचं जाळं पह्यलं पडन.”

तिने ते ऐकून घेतलं. आनंद नाही, राग नाही. जणू कुणी आज भाजी काय, ते सांगितलं. म्हणाली, “पडू द्या. माहे हात आता दुखतेत, पोरगा टाकन.”

मला वाटलं, झालं. दिवसभर उपाशी होतो, पिशवी उचलली. तर ती म्हणाली, “थांबा. काढाचं इचारलं, घालाचं नाई इचारलं.”

“काय घालायचं?”

“बाईचं राहू द्या. तिनं इचारलं होतं मले, हे खरं आहे. मी बी कोनाले न इचारता हात केला, हे बी खरं. पन तुमचं त्यात कुठी आहे? तुमी आता हे बोलले, ते क्यामेऱ्यात बोला. तोंड दाखवून. पाळीवर, जागेवर.”

सलीमभाईकडे त्या दिवशी फक्त पडदा होता. मी म्हणालो, पुढच्या वेळी. ती हसली, बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पाहिलं. “गुरुजी, तुमची पुढची वेळ मले मालूम आहे.” गोदाम हसलं. मला हसू आलं नाही, पण मानलं.

आणि मग तिने ती गोष्ट सांगितली, जी आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हती. तिची मुलगी रेखा दोन वर्षांपूर्वी वैनगंगेपलीकडे दिली. तिथेही ढीवरांचीच घरं. तिथेही त्या तलावाची गोष्ट पोचलेली. रेखाची सासू तिला पाळीवर पाय ठेवू देत नाही. “शिनेमावालीची पोरगी आहे, उद्या आपली जागा दाखोन म्हनते. पोरगी काई बोलत नाई, मले फोनवर आयकू येते.” मग म्हणाली, “या गावात आता कोनी काई म्हनलं काय, नाई म्हनलं काय. मी झाली म्हातारी. माह्या पोरीच्या सासरी दाखवा हे. मंग कुठी बी न्या.”

सिनेमाचा प्रभाव किती दूर जातो, यावर समितीला एक परिच्छेद हवा होता. नदी ओलांडून एका सुनेच्या अंगावर जाऊन पडला, असं लिहू का?

काल अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, सिनेमात भर घालायची आहे. ते म्हणाले, बाईंची कबुली हा चित्रपटाचा आत्मा आहे, तिच्यापुढे तुमचं काही जोडलं तर परिणाम उणावेल. मी म्हटलं, उणावेल, खरं आहे. सभागृहाचं काय, म्हणाले. मी म्हटलं, आधी दोन गावं आहेत. फोन ठेवला त्यांनी. आता माझा लेखही ते छापतील असं वाटत नाही. तेवढीच सुटका.

मी थकलोय गं. तुझ्यासारखं मला दर वेळी परत जाता येत नाही. ज्यांचं बिघडवलं त्यांच्या अंगणात जाऊन बसायचं, त्यांनी चहा विचारेपर्यंत थांबायचं, आणि नाही विचारला तरी उद्या यायचं, हे तू आयुष्यभर कसं केलंस? मी कबुली द्यायला एकदाच गेलो, तर मोडून आलो. आणि तू तर कधी सांगितलंही नाहीस की यात दमायला होतं. तुझ्यावर राग आहे तो याचा. निदान एकदा म्हणायचंस, पंडित, दमले रे. मी लांब वाक्यात का होईना, धीर दिला असता.

आता शब्द देतो, आणि हा पाळायचा आहे. येत्या मंगळवारी सलीमभाई कॅमेरा घेऊन येतो आहे. मी उत्तरेच्या पाळीवर उभा राहून, तोंड दाखवून बोलेन. सगुणा कॅमेऱ्यामागे उभी राहणार आहे. बोलताना मी कुठे गाळलं तर थांबवीन म्हणाली. पुढच्या आठवड्यात सिनेमा पुन्हा गोदामात दाखवू. आणि त्यानंतर पडदा घेऊन आम्ही तिघं नदीपलीकडे जाणार आहोत. त्या गावात मला कुणी ओळखत नाही. तिथे मी आधी रेखाच्या सासूबाईंच्या दारात जाईन, त्यांना पुढे बसायला बोलावीन, आणि त्या नाही म्हणाल्या, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.

तुझा,
वामन